आईचा वात

सोमवार, ता. ४ मार्च १९१२

भगताला एक कोंबडा, एक नारळ, सव्वा रुपया. शिवाय एक टांगा दिवसभर दारात उभा, ते भाडं बुडालं. हा सांगायचा खर्च. खरा खर्च आईच्या दंडावर आहे — भगताच्या बोटांचे वळ! गुण काही नाही.

शनिवारी दुपारपर्यंत आई ठणठणीत. सांजेला बोलणं अडखळलं, आणि कालपासून भिंतीवरच्या कोंबड्या हाकलते आहे. भिंतीवर कोंबड्या नाहीत. गोधडीतून काहीतरी वेचते, मूठ भरते, माझ्यापुढं धरते. "घे किस्ना, सांडाय लागलंय." मी घेतो. काय करणार! मध्येच शुद्धीवर येते. बायकोला म्हणाली, "शालू, भाकरी करपली की गं." खरंच करपली होती. लगेच पुन्हा कोंबड्या.

माझा जुना टांगेवाला मीरासाब बघायला आला, तर आईनं पदर सावरून त्याला सलाम केला. फौजदार समजली. "मालक, जल्मात पयल्यांदा कुनी सलाम ठोकला. पगार वाढवा आता!" सगळे हसलो. मग मी परड्यात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मंगळवार, ता. ५

धाकटा ज्ञानू मुरगूडहून आला. पायताण काढायच्या आधीच निकाल — "दादा, ह्यो म्हातारचळ हाय. ह्यातनं कोन उठत न्हाय. रत्नागिरीला येड्यांचं इस्पितळ हाय, तिथं धाडू. घरात लेकरं हायत."

मी उखडलो. म्हातारचळ? आमच्या आईला? म्हटलं, "पेठंत जाऊन इचार, तिच्यासारकी याद कुनाची हाय! तांबडी घोडी इकून दोन वर्सं झाली. आजून रोज सकाळी इचारती — तांबडी आली का रं चरून? मुक्या जनावराची इतकी याद तू ठेवलीस का कधी?" ज्ञानूनं पायताण काढलं.

पायताण काढलं म्हणजे ऐकलं असं नव्हे. जरा वेळानं कोपऱ्यावर गाडीवाल्याशी कुजबुजला — शुक्रवारी ये, घाट उतरायचाय. मी तबेल्यात होतो, तिथून ऐकलं. टांग्याच्या धंद्यात मला कानांनीच वर आणलंय. नुसत्या टापेवरून कुठल्या पायाचा नाल ढिला ते सांगतो, आणि गडी भाड्याचा हिशेब द्यायला लागला की त्याच्या खोकल्यावरून कुठं गाळलं तेही.

हातात शुक्रवारपर्यंतचा वेळ.

बुधवार, ता. ६

दवाखान्यातून डॉक्टर आणला. नाडी नंतर, सवाल आधी. "हे एका दिवसात आलं, की वर्षभरात हळूहळू?"

"एका रातीत."

"मग म्हातारचळ नव्हे. तो चोरपावलानं येतो, घरच्यांना तारीख सांगता येत नाही. हा वात आहे. घटकेत शुद्ध, घटकेत भलतंच. याला तारीख असते आणि मागं कारणही असतं. ताप, अफू, तुंबलेली लघवी, काहीही. कारण काढलं की बहुधा उतरतो."

ज्ञानूकडं बघितलं. तो छताकडं बघत होता!

ताप होताच. कातडी कोरडी, जीभ लाकडासारखी, बुबुळं अंधारातल्या मांजरासारखी फाकलेली. पोट तटतटलेलं — डॉक्टरांनी रबरी नळी घालून लघवी काढली. आई लगेच थोडी निवली. मग, "औषध काय घेतात?"

दम्याची विडी. धोतऱ्याची वाळकी पानं गुंडाळलेली. वैदूनं बजावून दिलेली, सांजेला एकच. कितीतरी वर्षं आई एकच ओढते.

"एकच? विसरत नाहीत ना?"

"आमची आई? विसरंल?" — आणि डॉक्टरांनाही तांबडीची गोष्ट सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. 

तेव्हा मला शनिवारची दुपार आठवली. कुडापलीकडं काडी ओढल्याचा आवाज, मग खोकला. जरा वेळानं पुन्हा काडी. पुन्हा. मला वाटलं, शालूची चूल पेटत नाही. उठून आईची जुडी बघितली. मागच्या गुरुवारी मीरासाबनं भरलेली आणली होती — तळाशी दोन विड्या!

"हेच ते. धोतऱ्याचं विष," डॉक्टर म्हणाले. विड्या बंद. भगत बंद. बांधायचं नाही, गर्दी करायची नाही, दिवा ठेवायचा. पाणी घोट घोट. जवळ एकच ओळखीचा माणूस, त्यानं सावकाश बोलत राहायचं.

गुरुवार, ता. ७

बोलतोय. एकेका घोड्याचं नाव घेऊन खोड्या सांगतोय. पाणी ज्ञानू पाजतो — न सांगता.

शुक्रवार, ता. ८

उतरला! कोंबड्या गेल्या, बुबुळं जागेवर. गाडीवाला दारात आला तर आईच ओरडली, "ज्ञान्या, ही गाडी कशापायी रं? कुनाला पोचवाय निगालाईस?" ज्ञानूनं गाडीवाल्याला परत लावलं आणि आईच्या पायाशी जाऊन बसला. मी त्याला सोडतो होय! "काय ज्ञानोबा, म्हातारचळ ना?" शालूनं डोळे वटारले तेव्हा थांबलो.

डॉक्टर बघून गेले. खोकल्याला पातळ औषध दिलंय. उंबऱ्यावर मला म्हणाले, "इतकी वर्षं एकच विडी ओढणारी बाई एका दुपारी इतक्या का ओढते, याचा विचार करा. आणि औषधाची बाटली तुमच्या ताब्यात ठेवा."

म्हटलं, दमा वाढला असेल.

रविवार, ता. १०

सकाळी आई उन्हात बसली होती. वेणीफणी झालेली, डोळे स्वच्छ. औषध दिलं, प्याली. पेला खाली ठेवला न ठेवला तोच, "किस्ना, आवशीद देतोस न्हवं? ऱ्हायलंय की."

मी पेला उचलला. तिनं तबेल्याकडं बघितलं. "तांबडी आली का रं चरून?"

तांबडी विकली तेव्हा दावं आईनंच स्वतःच्या हातानं घेणाऱ्याच्या हातात दिलं होतं.