होय, संपूर्ण डिस्क

३ मार्च, रविवार. सकाळी
संकल्प : या आठवड्यात घरचा लॅपटॉप सुधारायचा. स्वस्तातला आहे, मान्य. पण सुरू व्हायला अकरा मिनिटं? तेवढ्यात माझी दाढी होते. जावक विभागातले आमचे तज्ज्ञ म्हणाले, जुनी सिस्टम काढून मोबाइलची टाका, पळत सुटेल. त्यांनी स्वतः कधी टाकलेली नाही. पण छाती ठोकून सांगितलं.
हिला बेत सांगितला. ही एवढंच म्हणाली की त्यात बाबांचा आवाज आहे.

४ मार्च
नोंद पूर्ण असावी, ही रेकॉर्ड रूमची सवय, म्हणून लिहितो. बाबा म्हणजे माझे सासरे. छापखान्यात खिळे जुळवण्यात उभा जन्म गेला. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आले तेव्हा भरपूर बोलायचे. हिने ते रेकॉर्ड करून ठेवलं. एकसष्ट फाइली. आता त्यांना काही आठवत नाही, मुलीचं नावसुद्धा. पण संध्याकाळी रेकॉर्डिंग लावलं की ऐकत बसतात. हे गृहस्थ मुद्द्याचं बोलतात, असं आम्हाला सांगतात. मधेच तो आवाज हिला लाडाच्या नावाने हाक मारतो, की पाठोपाठ सासरेही तीच हाक मारतात. दिवसातून तेवढी एकदाच. त्यासाठी ही औषधाच्या दुकानातल्या नोकरीवरून धावतपळत घरी येते.
आणि लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं! तोवर सासरे दहा वेळा विचारतात, गृहस्थ आले का. हे सगळं मी कुणासाठी करतोय, हे या घरात कुणाला कळेल तर शपथ.

५ मार्च
ही म्हणाली, दुरुस्तीच्या दुकानातून करून घेऊ. मला लागलं ते. बावीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळतो. एक कागद हरवलेला नाही. एक हरवला होता, तो माझ्या आधीच्या माणसाच्या काळात.

६ मार्च. संध्याकाळी
फाइली पेन ड्राइव्हवर उतरवल्या. मागच्या वर्षी हिला शोधाशोध नको म्हणून मीच त्या सगळ्या स्क्रीनवर समोर मांडून दिल्या होत्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात छोटासा बाण. एकूण एकसष्ट. नावं वहीत लिहिली, टिक केल्या, खाली सही केली. उतरवायला लागलेला वेळ : एक सेकंद! दोन वर्षांचं बोलणं, आणि पेन ड्राइव्ह जवळजवळ रिकामाच. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय.
हिचं म्हणणं, एखादी लावून बघा. म्हटलं, आमच्याकडे यादी जुळली की काम जुळलं. म्हणाली, तुम्ही म्हणता तर. ही वाद घालते तेव्हा मला बरं वाटतं.

९ मार्च, शनिवार. दुपारी
श्रीगणेशा. मशीनने विचारलं, संपूर्ण डिस्क वापरू की थोडी जागा? एका घरात दोन संसार नकोत. संपूर्ण. पुन्हा विचारलं, आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल? होय. तिसऱ्यांदा विचारलं, परत मिळणार नाही, नक्की? आमच्या साहेबांसारखं झालं हे. होय, होय, होय.

सव्वाचार
चाळीस सेकंदांत सुरू! किरकोळ अडचणी : चित्र आडवं येतंय, म्हणून लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरावा लागतो. तो स्वतःला फोन समजतो आणि सिमकार्ड मागतो. बोट लावून उपयोग नाही, काच साधी आहे. आवाज येत नाही, बघू.

सहा वाजता
पेन ड्राइव्ह लावला. एकसष्ट नावं दिसली. पहिली उघडली : फाइल सापडत नाही. दुसरी : तेच. सगळ्या उघडून पाहिल्या. समोर सासरे केस विंचरून खुर्चीत तयार. गृहस्थ आले का? ही म्हणाली, बाहेरगावी गेलेत, बाबा. अगदी सरळ आवाजात.

१० मार्च
नवी सिस्टम रुळायला वेळ घेते. धीर सोडायचा नाही. पुन्हा दोनदा पहिल्यापासून टाकून पाहिली.
हिने सकाळी विचारलं, आपण चहा घेणार का? 'आपण' म्हणाली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. संध्याकाळी धावत आली नाही. नेहमीच्या चालीने आली.

११ मार्च
दुरुस्तीच्या दुकानात गेलो. फक्त दुसरं मत घ्यायला. दुकानदाराने पेन ड्राइव्ह पाहिला, चष्मा काढला आणि मी काय काम करतो ते विचारलं. सांगितलं. म्हणाला, "मग तुम्हाला समजेल. बाण होता ना कोपऱ्यात? तुम्ही फाइली उतरवल्या नाहीत साहेब. कपाटावरची यादी उतरवलीत, आणि कपाट जाळलंत."
डिस्कवर काही उरलंय का, ते बघतो म्हणाला. उरलेलं असणारच. जावकच्या तज्ज्ञांनाही तसंच वाटतं. हल्ली ते मला पाहून दुसऱ्या जिन्याने जातात.

१३ मार्च
दुकानदाराने काखा वर केल्या. नवी सिस्टम एकदाच टाकली असती तर काही हाती लागलं असतं. तीनदा टाकली, ते नडलं.
घरी येऊन हिला सांगितलं. ही सासऱ्यांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती. मला वाटलं, आता बोलेल, ओरडेल. ओरडावं असं फार वाटत होतं. शेवटचा सदरा ठेवून म्हणाली, "गेल्या शुक्रवारी त्यांनी मला शेवटची हाक मारली. माहीत असतं तर नीट ऐकली असती. कुकर बघत होते मी."
मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो. इथे लिहायला हरकत नाही.

१४ मार्च. दुपारी
उपाय सापडला! दोन वर्षं रोज ऐकलंय मी. खिळ्यांचे खण, शाईचा वास, उलटी अक्षरं वाचायला शिकलेली पाच वर्षांची मुलगी, सगळं तोंडपाठ आहे. मशीन हवंय कशाला? संध्याकाळी मीच बोलणार. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कपाटांमधे उभा राहून आवाज बसवला. हुबेहूब येतोय.

संध्याकाळी
सासऱ्यांसमोर खुर्ची टाकून बसलो. ही दाराशी उभी. छापखान्यापासून सुरुवात केली. कुठेही अडखळलो नाही. ती जागा आली तेव्हा त्यांच्यासारखीच मान तिरकी केली आणि हिला त्या नावाने हाक मारली.
थांबलो. ही पुढे आली. सासऱ्यांचे ओठ हलले.
ते हिच्याकडे वळले आणि अदबीने म्हणाले, "बाई, या गृहस्थांना बंद करा."
ही 'बरं' म्हणाली.