गुलाबी बाटली

३ तारीख, मंगळवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि घराचा वासच गेला! एकही सुगंधी वस्तू शिल्लक ठेवली नाहीस. ह्यांचं दाढीनंतरचं पाणी मोरीत ओतलंस, त्याबद्दल ह्यांचं तोंड अजून फुगलेलं आहे. पण पावडर बंद केल्यापासून बाळाच्या मानेवरचं पुरळ खरंच गेलं. तुझ्यापुढे हात टेकले.

न्हाणीघरात बाळाच्या साबणाची गुलाबी बाटली पुन्हा भरलेली दिसली. जाता जाता घरीच काहीतरी करून ठेवलंस ना? रविवारी तिचे केस त्यानेच धुणार आहे.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
छोटी

५ तारीख, गुरुवार

चि. छोटीस,
अ. उ. आशीर्वाद.

ती बाटली आधी ओतून दे, मग पुढचं वाच.

त्यात धुण्याच्या सोड्याचं कडक पाणी आहे, किसलेला साबण घातलेलं. शेगडीमागच्या फरशांचा चिकटा काढायला केलं होतं. रिकामी बाटली टाकवत नाही, ही माझी जुनी खोड. हात धुवायला न्हाणीघरात गेले आणि तिथेच विसरले. तुझ्या प्रत्येक डब्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली, आणि स्वतःच्या बाटलीवर एक अक्षर लिहिलं नाही. तिच्या डोळ्यांत गेलं तर? पुढचं लिहवत नाही.

तुझ्या शेजाऱ्यांना सकाळपासून फोन लावतेय, नुसती घंटा वाजते. पोस्टात म्हणाले, पत्र शनिवारी पोचेल, नाहीतर सोमवारनंतरच.

हवं तेवढं रागाव, पण लोभ तोडू नकोस. उलट टपाली लिही.
तुझी,
ताई

१० तारीख, मंगळवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. आंघोळ रविवारीच झाली.

बाळ ठीक आहे, आधी तेच सांगते. टबात पाणी काढलं, हातावर बाटली उपडी करणार तोच तुझी कटकट आठवली, की नवीन काहीही आधी आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं आणि एक दिवस थांबायचं. एक दिवस कोण थांबतंय! पाणी गार होत होतं. दहा मिनिटं थांबले, तीही कुरकुरत. तेवढ्यात कोपर चरचरायला लागलं, लालबुंद झालं. बाळ तेव्हा ह्यांच्या मांडीवर पाय झाडत होतं. मी तिथेच फरशीवर बसून रडले, मग बाटली मोरीत ओतली आणि तिला नुसत्या पाण्याने न्हाऊ घातलं.

रागाने दोन दिवस तुला लिहिलं नाही. आजही सगळा राग गेला असं म्हणणार नाही. पुढच्या महिन्यात ये. दारातच तुझी पिशवी तपासणार आहे, तुझंच भिंग लावून.

माझ्या कोपरावर डाग राहिलाय. तिच्या अंगावर एकही नाही, ते तुझ्याच कटकटीमुळे.

लोभ कमी झालेला नाही, तूही होऊ देऊ नकोस.
तुझी,
छोटी