तरसालीच्या सतरा वानरांचे पिंजरे चाळीस दिवस थांबवणेबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल,
वन कार्यालय, बडोदे.

विषय : तरसालीतील वानरांना पकडण्याचे काम चाळीस दिवस तहकूब करणेबाबत.
संदर्भ : येत्या शनिवारी पिंजरे लावण्याची आपली दि. ३ ची सूचना.

महोदय,

१. अर्जदार जिजाबाई दत्ताजीराव शिर्के, वय ८१, यांच्या सासऱ्यांनी संस्थानच्या फौजेत असताना रोज सूर्योदयी वानरांना भिजवलेले हरभरे देण्याचा नेम घेतला. दिवेलागणीनंतर वानराला घास द्यायचा नाही, हा त्याच नेमाचा दुसरा भाग. अर्जदारांनी तो साठ वर्षे पाळला आणि आळीकडून पाळून घेतला.

२. गेल्या वर्षी पती वारले. तेव्हापासून अर्जदारांना पहाटे दार उघडवेना. कारण विचारू नये. नेमात खंड पडू नये म्हणून त्या दिवेलागणीनंतर, ओसरीचा दिवा लावून, उरलेली भाकरी ठेवू लागल्या. थोरली बाई ठेवते, म्हणून शेजारीही गाठिया ठेवू लागले.

३. नात रसिका सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिने महिनाभर तिन्ही त्रिकाळ वानरांची विष्ठा तपासली. निरोगी वानराच्या आतड्यातले जीवाणू खाण्याच्या वेळेनुसार बदलतात. सकाळचे निराळे, संध्याकाळचे निराळे, जसा पहारा बदलावा. इथे रात्रीच्या घासामुळे पहारा बदलणेच थांबले आहे. हे ऐकून शेजारच्या नयनाबेन, आता वानरालाही घड्याळ बांधणार का, म्हणून हसल्या, "बा, हवे वांदराने पण घडियाळ बांधशो?" चौथ्या दिवशी वानर चावून त्यांच्या उजव्या हाताला नऊ टाके पडले. आपली सूचना त्यावरूनच निघाली.

४. दोन पिल्ले दगावली आहेत. कळप पाला खात नाही, झाडावर निजत नाही. चूक वानरांची नाही, अर्जदारांची आहे. असे वाक्य त्यांनी आजवर कोणास लिहून दिलेले नाही.

५. वेळ पूर्ववत केल्यास चाळीस दिवसांत फरक पडावा, असे रसिका म्हणते. खात्री देत नाही. आज सूर्योदयी अर्जदारांनी स्वहस्ते हरभरे मांडले. एकाही वानराने त्यांना तोंड लावले नाही. सतराही जण तेव्हापासून कुंपणावर बसून आहेत. हरभऱ्यांकडे पाठ, दाराकडे तोंड, आवाज नाही. ते दिवेलागणीची वाट पाहत आहेत. आज दार उघडले जाणार नाही.

सबब पिंजरे थांबवावेत. पाहणीस माणूस अवश्य पाठवावा. सूर्योदयास पाठवावा. दिवेलागणीस पाठवू नये.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
जिजाबाई दत्ताजीराव शिर्के
तरसाली, बडोदे. दि. ५ मार्च २०२५

सोबत :
(१) रसिकाच्या नोंदी.
(२) नयनाबेन यांचे संमतिपत्र. सही डाव्या हाताची आहे.