टेकडी डावीकडेच होती

वहिनी,

दूध तापवलंय, फोडांचं मलम खिडकीत आहे. आज उगाच जिना चढउतार करू नका. मी लवकर सटकतोय, कारण तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत होत नाहीये.

कालच्या शर्यतीत नकाशा तुमच्या हातात होता, होकायंत्र माझ्या गळ्यात. "भावोजी, टेकडी डावीकडे हवी," असं तुम्ही घसा कोरडा करून सांगत होतात, आणि मी सुई दाखवून तुम्हाला गप्प करत होतो. दिवसभर रानात भरकटून आपण सगळ्यात शेवटी पोचलो. त्यावर कडी म्हणजे, जेवताना मीच दादाला रंगवून सांगितलं, की वहिनींनी नकाशा उलटा धरला. सगळे हसले. तुम्ही ताटं उचललीत.

आज दोरीवरून माझं कालचं छातीवरचं पाऊच काढून होकायंत्र त्यात टाकायला गेलो, तर सुई गर्रकन फिरली. पाऊचच्या झाकणाला लोहचुंबकाचं बटण आहे. दिवसभर आपण माझ्या बटणामागे धावत होतो!

दादाला उठवून खरं काय ते सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "तिला ते काल पाऊच धुतानाच कळलं. तुला सांगू नको म्हणाली."

— तुमचा दीर