करारावर घेतलेलं गलबत

आप्पा, मागच्या महिन्यात मी एक गलबत करारावर घेतलं. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून पहिला प्रश्न विचारला असता, किती सीटचं? दहा सीटचं, आप्पा. पूर्वी त्यातून मंगलोरी कौलं जायची. आता एका हौशी माणसाने ते दुरुस्त करून घेतलंय, दोन डोलकाठ्या आहेत, खरीखुरी शिडं आहेत, आणि लग्नाच्या वऱ्हाडाला एसटी घ्यावी तसं ते अख्खं भाड्याने मिळतं. रत्नागिरीच्या खालच्या एका खाडीतून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने तीन दिवसांत मालवण गाठायचं आणि तिथे समुद्राच्या तळाशी उतरून मासे बघायचे. मी बासष्ट वर्षांची झाले. शाळेतल्या पाच मैत्रिणी तयार झाल्या, आणि मी आपल्या धाकट्याला, माझ्या भावालाही बोलावलं. आपल्या घरात समुद्राचं वेड मुळात त्याचंच, हे तुम्हाला आठवत असेल.

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे अजूनही अक्षर नीट येतंय ना, याकडे लक्ष जातं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर तुम्ही स्टँडवरच्या सगळ्यांना दाखवत होता. कंट्रोलरच्या त्या जाळीच्या खिडकीआड तुम्ही बसलेले असायचात, समोर माइक, बाहेर डिझेलचा वास, आणि कोणी साहेब आले की मला हाक मारून म्हणायचात, साहेबांशी दोन वाक्यं इंग्रजीत बोल. मी लाजून बोलायचे. मग तुम्ही माइक ओढून पुण्याची गाडी फलाट चारवर लागल्याचं सांगायचात, आणि त्या आवाजात मुलीचा अभिमान मिसळलेला असायचा. तो मला आत्ता कळतो. तेव्हा मला तुमच्या आवाजात फक्त गाड्यांची वेळ ऐकू यायची.

नववीतली सहल मी तुम्हाला किती वर्षं माफ केली नाही. कोकणची सहल, नगरच्या चाळीस मुली पहिल्यांदा समुद्र बघणार होत्या. गाडी आपल्याच स्टँडवरून सुटणार आणि सोडणार तुम्ही, त्यामुळे मी निर्धास्त होते. आणि सकाळी एक बूट सापडेना. सहा वर्षांच्या धाकट्याने, आपल्याला नेत नाहीत या रागात, तो बंबाच्या जळणात लपवला होता. आईने त्याला धपाटे घालून बूट काढला, मी दशम्यांचा डबा छातीशी धरून पळाले, आणि स्टँडच्या फाटकाशी पोचले तेव्हा गाडी वळून कापडबाजाराच्या बाजूला दिसेनाशी होत होती. तुम्ही फलाटावर उभे होता. माझ्याकडे बघितलंत आणि आत निघून गेलात. संध्याकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसताना एवढंच म्हणालात, "गाडी चाळीस मुलींची होती, तुझ्या एकटीची नव्हती." आईने तुमच्या ताटात भाकरी वाढली ती जरा जोरातच.

चार दिवसांनी तुम्ही सरबताची एक बाटली घेऊन आलात. सहलीच्या ड्रायव्हरला सांगून तुम्ही समुद्राचं पाणी मागवलं होतं. ती ओट्यावर ठेवून मला म्हणालात, चव घेऊन बघ. मी फुगलेली, मी नाही घेतली. धाकट्याने आमची नजर चुकवून पेलाभर पिऊन टाकलं आणि मोरीत जाऊन ओकला. आई हसायला लागली, तुम्ही हसलात, आणि मी हसू नये म्हणून अंगणात गेले.

तुमच्या तेराव्याला तो ड्रायव्हर आला होता. देवळाली प्रवऱ्याहून, म्हातारा झालेला, हातात उसाच्या दोन कांड्या. जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, त्या दिशी सायब चार मिन्टं थांबले हुते. शिट्टी तोंडात, पन वाजवली न्हाई. त्या मानसानं कलेक्टरसाठी गाडी थांबवली न्हवती." मी त्याला नमस्कार केला. खरं सांगू? मला तेव्हा बरं वाटायच्या ऐवजी राग आला. चार थांबलात तर पाच का नाही थांबलात, असं वाटलं. मी पाचव्या मिनिटाला फाटकात होते.

आता गलबताचं. नगरच्या माणसाला वेळ घड्याळात असते एवढंच ठाऊक. मी मालकाला फोनवर म्हटलं, सकाळी नऊला निघू. तर तो म्हणाला, तांडेलांना विचारा. तांडेल म्हणजे गलबत चालवणारा, सत्तरीचा, अंगाने काटक. तो हसला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, भरतीचं पाणी भरलं की त्याच्यावरून गलबत सुटतं, आणि त्या दिवशी पाणी साडेदहाच्या पुढे भरणार होतं. सव्वाअकरापर्यंत निघालंच पाहिजे. मी सगळ्यांना कळवलं, दहाला धक्क्यावर. इथेच घोटाळा झाला. आपल्याकडे मी कुठल्याही कार्याची वेळ तासभर अलीकडची सांगते, साखरपुडा असो की पूजा, आणि घरचे सगळे मनातल्या मनात तो तास पुढे धरतात. यावेळी मी खरी वेळ सांगितली होती. धाकट्याने नेहमीप्रमाणे तास पुढे धरला. तो नगरला वकिली करतो, त्यामुळे पुढची तारीख मिळेल अशी त्याची एकूणच समजूत असते.

अकरा वाजले तरी त्याचा पत्ता नाही. आदल्या रात्री तो कोल्हापूरला मुक्कामाला होता. घाटात फोन लागत नव्हता. एक मैत्रीण म्हणाली, सोड त्याला, वकिलाला दंड होऊ दे. दुसरी म्हणाली, एकुलता एक भाऊ आहे, थांबू या, उद्या जाऊ. मी रस्त्याकडे बघत होते. तांडेल माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाय, गलबत तुमचं आहे. पाणी उतरलं तर उद्यापर्यंत चिखलात बसायचं. सोडायचं काय?"

ज्याला समुद्राचं वेड त्यालाच मागे टाकून जायचं. आणि तो उभ्या जन्मात हे विसरणार नव्हता, कारण मीही विसरले नव्हते. मी म्हटलं, सोडा.

दांडा मागे पडला, शीड फुगलं, बाकीच्या टाळ्या वाजवत होत्या. मला पाठ फिरवून बसावंसं वाटत होतं. एवढ्यात मागून एक मोटरची होडी येताना दिसली. तिच्यात कडक इस्त्रीच्या शर्टावर लाइफ जॅकेट घातलेला धाकटा उभा, बॅग पोटाशी. तांडेलाने निघताना धक्क्यावरच्या पुतण्याला फोन करून ठेवला होता. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाला, "आधी सांगितलं तर लोकं रोज उशिरा येतील."

धाकटा दोराच्या शिडीवरून वर आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आप्पांचीच मुलगी आहेस." मग जेवायला बसला. सोलकढीची दुसरी वाटी संपवल्यावर म्हणाला, दहा म्हणजे दहाच होते होय. मालवणला मात्र तो माझा हात धरून पाण्यात उतरला. खाली आनंदाने अंगठा वर करत राहिला, आणि तिथे अंगठा म्हणजे मला वर न्या. दोनदा त्याला वर नेलं. मी खालीच होते, आप्पा. पट्ट्यापट्ट्यांचे मासे डोळ्यांसमोरून जात होते, कोणालाच घाई नव्हती, आणि नळीतून माझाच श्वास ऐकू येत होता. तुम्ही कधी समुद्र बघितला नाहीत, हे तिथे फार लागलं.

सगळ्यांना वाटतं की मी भरतीसाठी निघाले. धाकटाही आता कोर्टात तेच कौतुकाने सांगत फिरतो. पण मी सोडा म्हटलं तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. दहा मिनिटं हातात होती, हे मला ठाऊक होतं आणि तांडेलालाही. मला त्या रिकाम्या रस्त्याकडे आणखी बघवेना. आणखी थांबले असते तर थांबूनच राहिले असते. तुमचंही तसंच झालं का, हे विचारायला मी कागद घेतला होता. आता वाटतं, नको विचारायला. पत्र घडी करून माझ्या जुन्या पट्ट्यांच्या साडीत ठेवून देते. ती दहा मिनिटं मी धाकट्याला सांगितलेली नाहीत, आणि सांगायची हिंमतही नाही.