उंद्रीचं उलटं चर्च

उंद्री, ता. चिखली
गणेश चतुर्थी, संध्याकाळ

चि. चिन्मय यास,

मामाचे आशीर्वाद. (राग डोक्यात आहे, पण आशीर्वादात काटछाट केलेली नाही.) तुझी प्रकृती ठणठणीत असणारच, फोटोत गाल वर आलेले दिसतात. इकडे माझं बीपी वाढलंय, मामी वैतागली आहे आणि तुझी आई गप्प आहे. शरयू गप्प बसली की घराचं काय होतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

"चर्च पूर्ण झालं की येतो, आई." बार्सिलोनाला त्या चर्चच्या बांधकामावर नोकरीला जाताना हा शब्द तू दिलास. बिचारी दर दिवाळीला विचारते, "झालं का रे चर्च?" आणि तू म्हणतोस, "थोडं राहिलंय." देवाचं काम, मध्येच कसं सोडायचं, म्हणून तीही पुढं ताणायची नाही. मग मीच मोबाइलवर वाचलं. अरे बेशरमा, ते काम १८८२ साली सुरू झालंय! तेव्हा माझ्या आजोबांचा जन्मही झाला नव्हता! सगळं वर्गणीवर चालतं म्हणे (इथं जरा आपुलकी वाटली, मीही मंडळाचा अध्यक्ष आहे). तो मुख्य आर्किटेक्ट गौडी, त्याला ट्रामनं उडवलं, कपडे पाहून लोकांनी भिकारी समजलं, गेला बिचारा, तरी तुमचं आपलं थोडं राहिलेलंच. 'माझ्या मालकाला घाई नाही,' असं तो म्हणायचा. मालक म्हणजे देव. देवाला नसेल घाई, तुझ्या आईला आहे! गुडघे गेलेत तिचे. आणि हे तू तिला कधी सांगणार होतास?

मी सांगितलं. (चुकलंच माझं.) ती रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "यंदा गणपतीपुढे चर्चचाच देखावा करा. बघू तरी दे मला, माझ्या पोराला कशानं धरून ठेवलंय."

उकंडराव मंडपवाल्याला मी तू पाठवलेला फोटो दिला. त्यात दोऱ्यांना वजनाच्या पिशव्या बांधून चर्चचा नमुना छताला उलटा टांगलेला. कमानींचा तोल पाहायला गौडी तसं करायचा आणि आरशात बघितलं की इमारत सरळ दिसायची, हे मला आज कळतंय. फोटोखाली तू काय लिहिलंस? 'मामा, हे बघ आमचं काम!' आणखी एक ओळ लिहायला बोटं झिजत होती काऊन रे तुझी? उकंडरावाचा जन्म झालरी आणि झुंबरं टांगण्यात गेलेला. आज सकाळी पडदा सरकवला, तर अख्खं चर्च मंडपाच्या छताला लटकलेलं, सगळे मनोरे खाली टोकं करून!

"फोटोत जसं हाये तसंच केलं ना भाऊ, मले काऊन रागावून राह्यले?" हा वर मलाच विचारतो. भटजींनी वर पाहिलं आणि पाटावरून उठलेच. देवाच्या डोक्यावर भाले रोखलेत, मी स्थापना करणार नाही, म्हणाले. मुहूर्त टळायला आलेला, पोरं हसतायत, मूर्ती डोक्यावर घेतलेला माणूस दारात ताटकळतोय. मी ओरडलो, "काढा ते!" तेवढ्यात तुझी आई आली. मान वर करून तिनं एकेक मनोरा बघितला.

"उकंडराव, पूर्ण झालं का हे?"

"हाव ताई. एक खिळा बाकी नाही."

"मग कोणी हात लावायचा नाही. बाप्पाचा चौरंग दोन हात पुढे घ्या."

शरयूपुढे भटजी काय आणि मी काय! चौरंग पुढे सरकला, मूर्ती आत आली, स्थापना झाली. मग तिनं तुझ्या मामीच्या कपाटाचा मोठा आरसा काढून आणवला आणि चर्चखाली आडवा ठेवला. त्यात मनोरे सरळ उभे दिसतात. लोक वाकून बघतात आणि अध्यक्षांची वाहवा करतात. मला त्या वाहवेचाही राग येतो.

आरतीची घंटा झाली. स्वतःची काळजी घे, आमची तू घेतोच आहेस म्हणा.

तुझा रागावलेला,
नीळकंठमामा

ता. क. पत्र टपालानं वेळेत पोचणार नाही, म्हणून फोटो काढून पाठवतोय. आरसा फुटला तर मामीला तोंड तू द्यायचंस.

आणखी ता. क. वरचा राग सगळा माझा. पुढचं तुझ्या आईनं सांगितलंय, मी नुसता लिहून देतोय: "चिन्मय, चर्च पूर्ण झालं. कुठलं, ते तू म्हणाला नव्हतास. विसर्जनानंतर उकंडराव ते उतरवणार आहे. त्याआधी ये."