प्रथमा नव्हे, संबोधन

प्रति,
मा. संचालक,
मूळभाषा पुनर्रचना केंद्र,
दुसरा मजला.

विषय: सोमवारच्या उद्घाटनात शाळेच्या मुलांकडून मूळभाषेतील शब्द एका सुरात म्हणवून घेण्याचा कार्यक्रम रद्द करणेबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) दुसऱ्या अर्जावरील आपला शेरा: "अर्जदाराने रजा घ्यावी."

महोदय,

वरील विषयास अनुसरून निवेदन करतो की, मी आपल्या केंद्राच्या ध्वनिविभागात ज्येष्ठ संशोधक असून आपल्या शेऱ्यानुसार रजेवर, घरीच आहे. रजेचा काडीचाही उपयोग झालेला नाही. जे बिघडले ते घरातच बिघडले आहे.

१. आपण प्रशासनातून आलात, म्हणून थोडक्यात सांगतो. पाच लेकी-भाषांतले सारखे शब्द शेजारी मांडून त्यांची मेलेली आई कशी बोलत असेल, ते आम्ही ठरवतो. असा शब्द कोणी ऐकलेला नसतो, म्हणून त्याच्या डोक्यावर चांदणी छापतो. चांदणी म्हणजे अंदाज. उद्घाटनासाठी आपण निवडलेल्या शब्दावरही ती आहे. तो शब्द या अर्जात मुद्दाम लिहिलेला नाही. आपल्याला टपाल मोठ्याने वाचायची सवय आहे.

२. सदर शब्दाचे रूप मी ठरवले आणि 'पाहुणा' हा अर्थ समितीने. पाचांपैकी तीन भाषांत तो शब्द उरला आहे. बाकी दोघींनी तो टाकून देऊन 'तो आपला', 'लांबचा' अशी आडून घ्यायची नावे पत्करली. माझी आजी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नसे, 'लांबडं' म्हणे. माणसे शब्द विसरतात तेव्हा आडून बोलत नाहीत. घाबरतात तेव्हा बोलतात. समितीत हे कोणालाच खटकले नाही.

३. शिवाय मूळभाषेतली या प्रकारची सगळी नामे दीर्घ स्वरात संपतात आणि हे एकच ऱ्हस्वात. समितीने 'अपवाद' म्हणून शिक्का मारला आणि चहा मागवला. आपल्याच भाषेत पाहा: 'देव' हे नाव आहे आणि 'देवा' ही हाक. उद्या आपली भाषा मेली आणि कोणाच्या हाती नुसते 'देवा' लागले, तर तो शहाणा हेच नाव समजेल. आपण नेमके तेच केले आहे; फरक इतकाच की मूळभाषेत नाव दीर्घ आणि हाक ऱ्हस्व. महोदय, तो शब्द प्रथमा नाही, संबोधन आहे. तो उच्चारणारा पाहुण्याबद्दल बोलत नाही, पाहुण्याला बोलावतो. 'ध'चा 'मा' करायला एक अक्षर लागले होते. इथे एक मात्रा पुरली.

४. ध्वनिमुद्रणात तो शब्द मी एकट्याने अनेकदा म्हटला. तंत्रज्ञाने फीत ऐकून मला विचारले, "सर, आत तुमच्यासोबत कोण होतं?" माझ्या प्रत्येक उच्चारानंतर कोणीतरी श्वास घेते, आणि दर वेळी तो श्वास माइकच्या थोडा जवळ आलेला असतो. तंत्रज्ञाने लगेच बदली मागितली. ती मात्र आपण तत्परतेने मंजूर केलीत.

५. आता घरचे. मी उच्चाराचा सराव घरी करीत असे. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिने तो शब्द उचलला आणि दारात उभी राहून म्हणू लागली. माझी बायको हसून म्हणाली, "अगं, कुणाला बोलावतेस?" तर ही म्हणते, "बाबा बोलावतात त्याला." पुढे एकदा जेवताना तिने सहज सांगितले, की तो दारात उभा आहे, आणि त्या वाक्यात त्याचे नाव घेताना शेवटचा स्वर दीर्घ होता. प्रथमेचे रूप नियमाने तसेच व्हायला हवे. ते कुठल्याही भाषेत उरलेले नाही, केंद्राच्या कागदावर नाही, मी कधी उच्चारलेले नाही. तोवर ते मलाही सुचले नव्हते! मग तिला शिकवले कोणी? संशोधक म्हणून मला जन्मात याहून मोठा पुरावा मिळाला नव्हता, आणि बाप म्हणून मी ताटावरून उठून दाराला कडी घातली. काल तिने त्याच नावाला 'सोबत' या अर्थाचा प्रत्यय लावला. अचूक लावला.

६. सबब विनंती की, सोमवारचा कार्यक्रम तात्काळ रद्द व्हावा. दोनशे मुले, ध्वनिवर्धकावर, एका सुरात! एका लेकराच्या हाकेला जो आला, तो दोनशे हाकांना एकटाच येईल असे मानण्यास कोणताही आधार नाही. पत्रिका छापून झाल्यामुळे रद्द करणे शक्य नसल्यास, निदान शेवटचा स्वर दीर्घ म्हणवून घ्यावा. म्हणजे ते नुसते नाव होईल. कृपा करून पुन्हा रजेचा शेरा मारू नये.

७. अक्षर वाईट आले आहे, क्षमस्व. डाव्या हाताने मुलीचे मनगट धरून लिहीत आहे. ती रडत नाही, हात ओढत नाही. बूट तिने आज स्वतःच घातले. त्यांच्या नाड्या कालपर्यंत तिला बांधता येत नव्हत्या. बंद दाराकडे पाहून ती कोणाची तरी समजूत काढल्यासारखी बोलते आहे, आणि इतकी वर्षे या भाषेत घालवून मला त्यातला एक शब्द कळत नाही. मला फार भीती वाटते आहे. हा अर्ज माझी बायको हातोहात आणून देईल. त्यासाठी दार एकदा उघडावे लागेल, त्याला इलाज नाही. आपल्यात घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. ही बोलायला लागल्यापासून शेजारी खेळायला निघाली तरी "येते हं, बाबा" म्हणते. आत्ता ती माझ्याकडे वळली आणि आपल्या भाषेत एकच शब्द बोलली. "जाते," म्हणाली.

आपला नम्र आणि घाईतला,
(सही)
ज्येष्ठ संशोधक, ध्वनिविभाग

दिनांक: शुक्रवार, सकाळ

सोबत: ध्वनिफीत एक. वाजवू नये.